सिलिंडरमधल्या रेघा

— छे हो, शटर खाली असलं तरी मिस्त्री आतच आहेत. तुम्ही आधी बसा, असे तणतणू नका. ती धूर ओकणारी जीप तुमचीच ना? वाटलंच. समोरच्या खिडकीत असते मी — म्हणजे असते असं नाही, तिथून दिसतं आपलं. आता म्हणे गाडी दुसरीकडे टाकणार! टाका बापडे, पण माणसाला नावं ठेवू नका. वीस वर्षांचा शेजार आहे आमचा. इंजिन खोललं की ड्रिलला दगड लावून सिलिंडरमध्ये घर्र-घर्र, वर-खाली, वर-खाली — होनिंग म्हणतात त्याला — माझ्या डोक्याचा पार भुगा. तुमचंही केलं. झकास केलं! मी स्वतः पाहिलं ना. ते गेले होते बहिणीकडे, किल्ली माझ्याकडे, म्हटलं जरा झाडून घ्यावं. सहज डोकावले तर काय — चारही सिलिंडरना आतून ओरखडेच ओरखडे! तिरके, एकावर एक, मांजरीनं नखं मारल्यासारखे. म्हटलं, घसरला हात. चष्मा लावत नाहीत ना, कानाला टोचतो म्हणे. गिऱ्हाईक काय म्हणेल? तिथंच पॉलिश पेपर पडला होता — बसले घासत. दुपारभर! खांदा भरून आला, पण आरसा केला हो, आरसा! त्यात बघून भांग पाडावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा न लावताच पिस्टन बसवले.

असं काय बघताय? मला काय ठाऊक, त्या रेघा होनिंग करून मुद्दाम मारतात ते? त्या रेघांत म्हणे तेल टिकतं. त्या नसल्या की पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत, गाडी तेल पिते, नुसतं धुराडं — हे मला काल कळलं. परवा तुम्ही गाडी आणून आदळलीत, काल त्यांनी इंजिन खोललं, चष्मा लावून आत पाहिलं आणि मला हाक मारली. "वहिनी, मी होनिंग करायचंच विसरलो. डोकं गेलं माझं. आता दुकान बंद." आणि मी काय केलं? चहा दिला. चहा! सकाळपासून एकेक पाना पुसून पेटीत भरताहेत — ऐकू येतंय ना खणखण?

हसू नका. गाडी कुठं न्यायची नाही, सांगून ठेवते. तिला पुन्हा त्यांचाच हात लागणार. मी जाते आत, सांगते सगळं. धरा ही पिशवी. आणि काही आपटल्याचा आवाज आला तरी मध्ये यायचं नाही.