कणकेच्या गोळ्या

मला हट्टी म्हणता ना, मग पादऱ्याच्या तळ्यावरची आमची पहिली गळस्पर्धा ऐका. मासा पकडून पट्टीने मोजायचा आणि जिवंत सोडायचा, हे मी परदेशात शिकून आलो होतो. पण दर रविवारी तिथे माशांना कणकेच्या गोळ्या घालणारे दिघेकाका भडकले.

"अरे भाई, पाप आहे हे!"

त्यांनी समोरच्या काठावरून गोळ्या टाकल्या आणि सगळे मासे तिकडे गेले. दोन तास आमचे गळ रिकामे.

"गुंडाळ आता," मित्र म्हणाले.

मी सगळ्यांना काकांशेजारीच नेऊन बसवलं.

"गोळ्या बंद करीन हं!" काकांनी धमकावलं.

"करा. उपाशी मासे गळाला लवकर लागतात."

काका हात पुढे करून म्हणाले, "मोजपट्टी इकडे दे. सोडतोस की नाही, मीच बघतो."

स्पर्धेला पंच मिळाला.