वर्तमानपत्रांच्या खोलीतलं फ्रेंच

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आपले ग्रंथपाल साहेब आणि वाचक मंडळी,

माझी सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. तिथे बोलायची वेळ फारशी आली नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

साहेबांचा धाक आपण सगळ्यांनीच अनुभवलाय. वाचनालयात कोणी शिंकलं तरी ते चष्म्यावरून बघतात. आत्ताही बघताहेत. अशा माणसाने माझ्या बायकोला जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत मोठमोठ्याने फ्रेंच बोलायची परवानगी दिली होती, हे कोणाला खरं वाटेल?

तिने साठीनंतर फ्रेंच शिकायला घेतलं. क्लास नाही, फी नाही. इथल्या संगणकावर मिळणारे फुकटचे धडे आणि व्हिडिओ, एवढंच. पुढे एका संकेतस्थळावर तिला बोलायला मैत्रीणही मिळाली, एक निवृत्त फ्रेंच परिचारिका. दर बुधवारी चार वाजले की दोघी सुरू. मी म्हणायचो, "घरात काय कमी बोलतेस?"

"घरात उत्तर कुठे मिळतं?"

गेल्या वर्षी ती अचानक गेली. पंधरा दिवसांनी मी तिची पुस्तकं परत करायला आलो, तेव्हा साहेब हळूच म्हणाले, "वहिनींच्या मैत्रिणीचा फोन येतोय संगणकावर. त्यावरच भाषांतर करून कळवू का? मिनिटाचं काम आहे."

"नको," मी म्हणालो. "मी शिकून सांगतो."

आणि तिच्याच धड्यांना बसलो. साहेबांनी तोवर त्या बाईंना एक ओळ पाठवली, घरी अडचण आहे, थोडं थांबा.

दोन महिने गेले. माझं आपलं रोज तेच, उच्चार अजून नीट येत नाहीत. शेवटी एक दिवस साहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"उच्चार पुरे झाले. ती बाई दर बुधवारी वाट बघते. तुम्हाला सांगायचंच नाहीये, हो ना?"

खरंच होतं ते. जगात तेवढी एकच जागा उरली होती, जिथे माझी बायको अजून गेलेली नव्हती.

त्या बुधवारी सांगितलं. तीन वाक्यं. साहेब दाराशी उभे होते. पडद्यावर बाई बराच वेळ डोळे पुसत राहिल्या. मग, परिचारिकेची सवय असेल, त्यांनी मला कळेल असं सावकाश विचारलं, "आत्ता तुमच्याजवळ कोणी आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "माझा मित्र आहे."

वीस वर्षं मी यांना साहेबच म्हणत आलो. मित्र त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो, तेही यांना न कळणाऱ्या भाषेत. आपल्या भाषेत म्हणायचं राहून गेलं होतं. तेवढ्यासाठी आज उभा राहिलो.

संयोजकांनी मला वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला.