माघारीचा फेटा

माघार म्हटलं की तुम्ही लगेच तोंड पाडता, म्हणून सांगतो. माझ्या आईला माघारीचा फेटा बांधलाय गावाने!

आमचं गाव खर्ड्याच्या अलीकडे. आई सरपंचपदाला उभी होती आणि तीच निवडून येणार, हे तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या शांताकाकूंनाही माहीत होतं. पण अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी आई देवळात सगळ्यांसमोर त्यांना म्हणाली, "शांता, गावात दोन तट नकोत. वस्तीवर नळ आनीन अशी बेल-भंडारा उचलून शपथ घे, मी आत्ता जामखेडला जाऊन अर्ज मागं घेते." काकूंनी भंडारा उचलला.

तेव्हा माझ्या ऑफिसातला जर्मन मित्र मार्टिन आमच्याकडे मुक्कामाला होता. आई जामखेडहून परतली तसा तो पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "वाईट झालं. आमच्याकडे माघार म्हणजे हारच." मी ते आईला मराठीत सांगतोय, तोवर दारात हलगी कडाडली. गावाने आईला फेटा बांधला, गुलालाने माखलं आणि ट्रॅक्टरवर बसवून मिरवलं. बिनविरोध सरपंच झालेल्या शांताकाकू मागून पायी चालत होत्या.

मार्टिन चक्रावून मला म्हणाला, "हरलेल्याची मिरवणूक काढता, मग जिंकलेल्याचं काय करता?"

मी ओरडून आईला विचारलं. ती फेटा सावरत ट्रॅक्टरवरूनच म्हणाली, "त्याला सांग, तिला कामाला लावतो. नळाला पानी आलं, की मग तिलाबी फेटा."