पस्तीस प्रकरणं आणि गुहागरचा प्लॉट

...आणि दोष त्या देशाचा नाहीच, हे मी आधी स्पष्ट करते. नाव नाही सांगत, कशाला उगाच. समुद्रकाठचा इवलासा देश, संध्याकाळी शारजाच्या रस्त्यावर अडकलेली माणसं नेऊन तिथे उतरवली तर त्याची लोकसंख्या दुप्पट होईल, तो बिचारा कित्येक वर्षं युरोपियन युनियनच्या दारात अर्ज घेऊन उभा आहे, घेतील तेव्हा घेतील. पण त्याच्या पाठोपाठ आत शिरायला निघालेली ही आमची दुबईतल्या अल कुसैसची मंडळी... यांना काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

तर माझा नवरा वासुदेव तीन वर्षांनी साठीला येतो. नोकरी संपली की व्हिसा खलास. म्हणून तर आम्ही गुहागरला प्लॉट घेऊन ठेवला, घराचा नकाशा मी स्वतः बसून काढून घेतला, पुस्तकांना उत्तरेची अख्खी भिंत. आणि हा एके दिवशी म्हणतो, प्लॉट विकू, त्या देशात फ्लॅट घेऊ. फ्लॅटबरोबर रेसिडेन्सी, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, आणि देश युनियनमध्ये गेला की आपण युरोपात. कधी जाणार? दोन वर्षांत. कुणी सांगितलं? शेजारच्या साधनाच्या मिस्टरांनी. त्यांना कुणी सांगितलं?... विचारू नका.

मग रविवारी देरा भागातल्या एका हॉटेलात फ्लॅट विकणाऱ्या कंपनीचा सेमिनार. चहा-सँडविच फुकट, त्यामुळे हॉल भरलेला. विजयकुमार नावाचा निळ्या सुटातला मनुष्य, मागे पडद्यावर निळा समुद्र. "मॅडम, ट्रस्ट मी. दो साल. मॅक्सिमम. इन्शाल्ला."

आता मी राज्यशास्त्रात पीएच.डी., शारजातल्या शाळेत सोशल स्टडीज शिकवते. माझ्यासमोर सातवीतलं पोरसुद्धा इतकं बेजबाबदार वाक्य बोलत नाही. मी उठले. आमची अस्मी कुजबुजली, "आई, प्लीज, नॉट हिअर." पण मी बसते होय? वीस मिनिटं बोलले. म्हटलं, वाटाघाटींची पस्तीस प्रकरणं असतात, यांची बारा मिटलीत. न्यायव्यवस्थेचं प्रकरण सगळ्यात आधी उघडतात आणि सगळ्यात शेवटी मिटवतात. सगळी मिटली तरी प्रत्येक सदस्य देशाची संमती लागते, एकाने नकारार्थी मान हलवली की बसा. आणि तुर्कस्तानने अर्ज केला सत्त्याऐंशी साली, तो अजून बाहेरच आहे. दोन वर्षं म्हणे. कुठल्या तारखेपासून मोजायची, तेवढं तरी सांगा.

हॉलभर माना डोलत होत्या. मला वाटलं, पटलं. अहो, कसलं पटतंय... विजयकुमारने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. चहाच्या टेबलापाशी साधना माझा हात धरून म्हणते, "लतिकाताई, तुम्ही इतका अभ्यास केलाय म्हणजे त्यात काहीतरी दम असणारच. आम्ही फ्लॅट बुक केला." आणखी दोन कुटुंबांनीही केला. त्यांना मी कंपनीची तज्ज्ञ वाटले! आपल्या लोकांची रीतच ही: बाई काय बोलली ते ऐकायचं नाही, किती शिकलीय तेवढं विचारायचं.

आणि वासुदेव? गाडीत म्हणतो, बारा झालीत ना, मग तेवीसच राहिली, वर्षाला बारा धर... दोन वर्षांत. म्हटलं, अरे, ते काय दहावीचे धडे आहेत? सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "लतिका, गुहागरला मी कोण असणार गं? तिथे मला मासेवालासुद्धा ओळखत नाही."

या मुद्द्याचा संदर्भग्रंथ माझ्याकडे नव्हता.

प्लॉट दोघांच्या नावावर होता. विक्रीच्या कागदांवर मी सही केली.

आता रोज सकाळी त्या देशाच्या बातम्या मीच वाचते. परवा तिथल्या एका न्यायाधीशाला लाच घेताना पकडलं, तर चहा निवून गेला तरी मी तीच बातमी वाचत बसले. तिथल्या लोकांचं मला माहीत नाही, पण त्या देशाची न्यायव्यवस्था सुधारावी म्हणून जगात कुणी मनापासून तळमळत असेल, तर ती अल कुसैसच्या चौथ्या मजल्यावर मी.