आयचा धवला सीडीत होता

मी मूळची गडब गावाकडची. बाप मिठागरावर कामाला आणि आय धवलारीण, म्हणजे आमच्याकडं लग्नात धवले गाऊन देवांना बोलावते ती बाई, भटाच्या आधी तिचा मान. मी चौथीपर्यंत शिकले, मग मिठाच्या पाट्या वाहिल्या आणि लग्न होऊन इकडं रोह्याला आले. काय सांगू तुम्हाला, आय कितीदा म्हणायची, गो शिकून घे, माझ्यामागं कोण गाईल, पण मला चारचौघांत आवाजच फुटायचा नाय. चुलीपुढं एकटी असले की गुणगुणायची, कोण आलं की गप्प. आय म्हणायची, मांजर आलं तरी थांबतेस गो तू.

आय जाऊन दोन पावसाळे झाले आणि माझ्या लेकीचं, रेश्माचं लग्न ठरलं. धवल्याला एक क्रम असतो. आधी गणपती, मग गावदेवी, मग वेशीवरचा वेताळ, असं एकेकाला हळदीचं आवतण द्यायचं आणि शेवटी घरातली जी माणसं गेली त्यांना नाव घेऊन बोलवायचं. त्यांना बोलावल्याशिवाय नवरीला हळद लागत नाय. धरमतरकडची एक धवलारीण ठरवलेली, ती हळदीच्या आदल्या दिवशी अंगणात पाय घसरून पडली नि अंथरुणालाच खिळली, आणि दुसरी कुठून आणायची, आता आहेतच किती त्या. रेश्मा म्हणाली, आई, मामाच्या लग्नाची सीडी हाय ना, तिच्यात आजी गाते, तीच लावू. सीडी माझ्याकडंच होती, आयनं शेवटी माझ्या हातात दिलेली. पण माझी नणंद दारातूनच म्हणाली, धवलारणीची लेक तू, आणि हळदीला डबा गाणार काय गो?

लावली तर मशीन घरघर करतं नि पडद्यावर नो डिस्क. परत काढली, फुंकर मारली, पदरानं गोल गोल पुसली, परत घातली, परत तेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळद, मांडव घातलेला, पाहुणे यायला लागलेले. मशीन साडीत गुंडाळलं आणि रिक्षा करून अन्वरभाईंच्या दुकानात गेले. ते कुवेतला टीव्ही दुरुस्त करायचे, आता बाजारपेठेत बसतात.

त्यांनी आधी त्यांची दुसरी सीडी घातली, ती चालली. म्हणाले, भाभी, मशीन चांगलं हाय, दुखणं सीडीचं हाय. मग सीडी उजेडाला धरली आणि हसायलाच लागले. हे काय लावलंय? बघते तर चकचकीत बाजूला पिवळे-लाल डाग, वर एक तांदूळपण चिकटलेला. माझ्या लगेच ध्यानात आलं. आय दर दसऱ्याला कोयता, पाटी, विळी सगळं मांडून पुजायची, त्यात ही सीडीपण. तिला वाटायचं, आरशासारखी बाजू म्हणजे हिचं तोंड, तर हळदकुंकू तोंडालाच लावायचं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

अन्वरभाईंनी कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकला, बोटानं मधून बाहेर सरळ सरळ धुतली. म्हणाले, गोल पुसायचं नाय कधी, गोल ओरखडा पडला की मशीन तिथंच अडकतं. मऊ फडक्यानं सुकवली नि घातली. घरघर, घरघर, मी पदर तोंडात धरलेला. आणि आली हो आय. हिरवी साडी, हातात हळदीची वाटी. गणपती झाला, गावदेवी झाली, वेताळ झाला, आणि गेलेल्या माणसांपाशी आली नि तिथंच अडकली, तोंड उघडंच राहिलं तिचं. तांदूळ चिकटलेला तिथंच डाग राहिलेला.

अन्वरभाई म्हणाले, आणखी घासून बघतो. मी बघत राहिले आणि माझ्या मनात आलं, ही पुढं गेली तरी काय उपयोग, पुढं जी नावं हायत त्यात आयचं नाव कुठं असणार? तिनं स्वतःला कसं बोलवावं? पुढची ओळ माझ्या तोंडातून कधी निघाली मला कळलं नाय. आज्याचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, मग दुकानात गिऱ्हाईक आलं नि मी गप्प.

अन्वरभाई म्हणाले, अहो भाभी, अडकली ती सीडी, तुम्ही कशाला अडकता?

हळदीला मी खालच्या मानेनंच गायले. नणंद समोरच बसलेली. शेवटी आयचं नाव घेतलं, चांगुबाय म्हणून हाक मारली. मग नणंदच उठली, डोळे पुसत म्हणाली, आली गो ती, लाव आता हळद.

आता नागोठण्यापर्यंत बोलावणी येतात. जाते. मान अजून खालीच असते माझी, पण थांबत नाय. सीडी देवाजवळ ठेवलीय. दसऱ्याला हळदकुंकू लावतेच, पण अक्षरांच्या बाजूला. तुमच्या घरीपण हळद लागो, आणि गेलेली माणसं हाकेला येवोत.