चतुर्दशीचे तेल

जबाब देणार : सौ. स्नेहलता पृथ्वीराज मोहिते, वय ५४, धंदा मालीश केंद्र, राहणार रावपुरा, वडोदरा.

समक्ष विचारल्यावरून मी सांगते की, मी वरील पत्त्यावर नवऱ्यासह राहते. घराच्या खालच्या खोलीत माझे मालीश केंद्र आहे. ते फक्त बायका आणि तान्ह्या मुलांसाठी आहे. परवाना भिंतीवर लावलेला आहे, तो आज आलेल्या शिपायांनी पाहिला. मला गुजराती चांगले येते, पण रागात असले की मी मराठीच बोलते. म्हणून जबाब मराठीत घ्यावा अशी विनंती केली, ती जमादार साहेबांनी मान्य केली.

केंद्रात मालिशीचे नक्की कोणते प्रकार चालतात, असे मला विचारण्यात आले. ज्या सुरात विचारले तो सूर मला कळला, तरी सांगते. बाळाला खोबरेल तेलाने अगदी हलक्या हाताने चोळते, त्याने बाळ गाढ झोपते आणि त्याची आईही झोपते. बाळंतिणीची कंबर आणि पाय तिळाच्या तेलाने चोळून वर शेक देते. गुडघे धरलेल्या बायकांना औषधी पाल्याच्या गरम पुरचुंडीने शेकते, त्याने आखडलेला सांधा मोकळा होतो. झोप न येणाऱ्यांना डोक्याला आणि तळपायाला तेल लागते. खेळाडू मुलींना जोर लावून रगडावे लागते. ते मी माझे सासरे पिलाजीराव यांच्याकडून शिकले, ते तालमीत पैलवानांना रगडत. अहमदाबादला जाऊन स्वीडिश मालिशीचा कोर्सही केला. ती वाईट नाही, फक्त दिवा मंद करून करतात. मालिशीने रोग बरा होतो असे मी कुणाला सांगत नाही. ताप असेल किंवा पोटरी सुजलेली असेल तर हात न लावता डॉक्टरकडे पाठवते.

नागरवाड्यातले श्री. पद्माकर दिघे, वय ७९, यांना मी त्यांच्या पत्नीमुळे ओळखते. कै. रमाताई खांद्यासाठी बरीच वर्षे माझ्याकडे येत. त्या वारल्यानंतरच्या पहिल्या नरक चतुर्दशीला पद्माकरराव तेलाची वाटी आणि उटणे घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, "वहिनी, पाठीला हात पोचत नाही."

आमच्यात त्या दिवशी पहाटे घरातल्या पुरुषांना तेल लावून न्हाऊ घालतात. आई लावते, बहीण लावते, बायको लावते. सुनेने सासऱ्याला लावायची रीत नाही. घरी मुलगा देवेंद्र आहे, पण मुलाने लावायचे हे ना त्याला सुचले ना बापाला. मी पुरुषांना मालीश करत नाही. तरी सणाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला दारातून परत पाठवणे मला जमले नाही. तेव्हापासून ते दर चतुर्दशीला येतात.

आजही आले. खोलीचे दार उघडे होते, दिवा लावलेला होता आणि माझा नवरा मागे पाणी तापवत होता. पद्माकरराव पंचा नेसून पाटावर बसले होते. मी त्यांच्या पाठीला तेल लावत असताना देवेंद्र आत आले. आज त्यांना लवकर जाग आली आणि वडील अंथरुणात दिसले नाहीत म्हणून ते शोधत निघाले होते. "बाबा, उठा! लाज नाही वाटत?" असे ओरडले. मग मला उद्देशून एक शब्द वापरला. तो शब्द लिहून घ्या असे मी सांगितले, पण साहेब म्हणाले की "अपशब्द" एवढे पुरे. गल्लीतले लोक बाहेर आले. देवेंद्र यांनी पोलिसांना फोन केला. शिपाई आले आणि विचारू लागले, "बेन, आ शुं चाले छे?" मी म्हटले, चाललंय काय, दिवाळी.

मी म्हाताऱ्या माणसाला नादी लावते, सबब केंद्र बंद करावे, अशी देवेंद्र यांची तक्रार आहे. ती खोटी आहे. पण अशी गोष्ट एकदा कागदावर चढली की रावपुऱ्यातली कोणती आई आपली बाळंतीण लेक माझ्या हाती देईल? नाव जायला एक सकाळ पुरते.

आम्हा सगळ्यांना ठाण्यात आणल्यावर साहेबांनी पद्माकररावांना, तुम्ही तिथे का गेलात, असे दोनतीनदा विचारले. माझ्या नवऱ्याने दिलेली शाल लपेटून ते खाली बघत बसले होते. शेवटी साहेबांना नाही, मुलाला म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून मला कुणाचा हात लागला नाही रे. डॉक्टर आणि ही चतुर्दशीची सकाळ सोडून."

देवेंद्र म्हणाले, "मग मला सांगायचं ना, बाबा."

"काय सांगू? मला हात लाव म्हणून?"

यावर देवेंद्र यांनी साहेबांना तक्रार मागे घेतो असे सांगितले. माझे म्हणणे असे की, नुसती मागे घेऊन भागणार नाही. ज्या आवाजात गल्लीत बोलले त्याच आवाजात गल्लीत येऊन चूक झाली म्हणावे. हे त्यांनी साहेबांसमोर कबूल केले आहे. तसे झाल्यास माझी तक्रार नाही.

पद्माकररावांच्या अर्ध्या पाठीला तेल लागायचे राहिले आहे आणि आंघोळही व्हायची आहे. उजाडल्यावर न्हाणारा नरकात जातो म्हणतात. उशीर ठाण्यात झाला, तेव्हा ते पाप ठाण्याच्या खात्यावर धरावे.

जबाब चालू असताना देवेंद्र यांनी मला विचारले, तेल किती गरम करायचे असते? माझा राग अजून गेलेला नाही. तरी सांगितले, आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचा, मग वडिलांच्या पाठीवर.

लिहिलेले सर्व साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच ते आहे, त्यात कमीजास्त काही नाही. सही करताना कागदाला तेलाचा डाग पडला, तो माझ्या हाताचा आहे.

(सही)
स्नेहलता पृथ्वीराज मोहिते