बाईंच्या पत्राचं दुसरं पान

— नाही हो बाई, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लटपटतो. इथं सोफ्यावर बसा. आणि ही चॉकलेटं घ्या, आपल्या ओहायोचीच आहेत. खासदाराच्या कचेरीत आलेल्याला गावचं काहीतरी द्यायचंच, असा इथला रिवाज आहे. घ्या हो दोन! आणि मला साहेब काय म्हणता? साहेब आत आहेत, मी त्यांचा मदतनीस, कोरी. चौथीत तुम्ही मला अर्धा तास फळ्यापाशी उभं केलं होतं, तोच. आठवलं ना? आठवणारच.

दोन वाजता सभागृहात चर्चा आहे, तुम्हाला वर गॅलरीत बसायचंय. साहेब उभे राहून म्हणतील, "निवृत्त शिक्षिका मिसेस व्हर्ना हॉस्टेटलर लिहितात..." — हो, तुमचंच पत्र, समितीत वाचलं तेच. तुम्ही नवा कोट घातलाय त्यासाठी? छान आहे. फारच छान आहे. — विधेयक कसलं म्हणता? म्हणजे बघा, बँक नसलेल्या पण बँकेएवढ्या अवाढव्य कंपन्या असतात, विम्याच्या वगैरे. त्या धोकादायक वाटल्या तर सरकार त्यांना थेट देखरेखीखाली घेऊ शकतं. आमचं विधेयक म्हणतं, असं एकदम नको, आधी बाकीचे उपाय करा, कंपनीचं ऐका, वर्षभर थांबा. वाईट आहे असं नाही — म्हणजे चांगली माणसंही असं म्हणतात — पण सभागृहात मतं मिळवायची तर मतदारसंघातलं पत्र लागतं. सामान्य माणसाचं. सगळेच खासदार अशी पत्रं वाचून दाखवतात. आणि आमच्याकडे एकही नव्हतं. आणि तुमचं आलं.

"वीस वर्षं ह्या कंपनीकडून माझ्या नवऱ्याचं पेन्शन बिनचूक येतंय, माणसं भली आहेत." हे पहिलं पान. दुसऱ्यावर काय लिहिलं होतंत? — मला पाठ आहे, बाई. "पण हल्ली फोन उचलत नाहीत, आमचा पैसा कुठल्याशा बेटावरच्या कंपनीकडे वळवलाय म्हणे, कुणीतरी वेळेवर जाऊन बघा हो." तुम्ही देखरेख मागितली होतीत, आणि ती लांबवायला आम्ही तुमचंच नाव वापरलं. समितीत वाचलंच नाही ते पान. माझ्याशिवाय कुणीच नाही. साहेबांना तर पत्र एकाच पानाचं वाटतं. — सही? सही दुसऱ्या पानावर होती, हो. मी ती कापली, पहिल्याखाली चिकटवली आणि झेरॉक्स काढली. सांगणार नव्हतो हे, इतकं सांगणारच नव्हतो, फक्त म्हणणार होतो की जरा संक्षेप केलाय... पण तुम्ही नवा कोट घालून आलात. लाज वाटते, बाई. रोज इथं बसून लाज वाटते आणि रोज मी इथंच बसतो. वॉल्टरकाका कसे आहेत? अजून उठत नाहीत? आणि त्यांचं ह्या महिन्याचं पेन्शन... नाही आलं.

हे घ्या. मूळ दुसरं पान. टाकवलं नाही मला, खणात होतं. अजून पाऊण तास आहे. आज साहेबांनी ते पत्र वाचलं नाही तर आणखी दोघं-तिघं खासदार मत द्यायला कचरतील, विधेयक अडेलसुद्धा. — अहो, कुठं निघालात? तिकडे नाही, ते दार बाहेरचं. साहेबांचं उजवीकडचं. थांबा, मी येतो बरोबर, मीच सांगतो त्यांना, तुम्ही कशाला —

बरं.

बरं बाई, तुम्हीच सांगा. बसतो.